स्टेशन बीवरचे बाफले

“म्हणजे नक्की किती अंधार पाहिजे?” आबासाहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, “जेवढा मिळेल तेवढा.”

“असं मोघम सांगू नकोस, भिया. थोरल्या पातीकडून काही कमी पडलं, असं उद्या कुणी म्हणायला नको.”

माळव्यात भाऊ म्हणून कुणालाही ‘भिया’च म्हणतात. शेजारच्या खुर्चीवर नानासाहेब बसले होते. ते धाकट्या पातीचे. त्यांनी लगेच सांगून टाकलं, “आमच्याकडून संपूर्ण अंधार राहील. काळजीच करू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे साहेब आमच्या टेकडीवरून एक तारा बघायला येणार होते. तो तारा नीट दिसला, तर देशाची मोठी वेधशाळा देवासला होण्याची शक्यता होती. त्यासाठी सगळ्या गावाने संध्याकाळपुरता अंधार करायचा, अशी माझी विनंती होती. विनंती साधी होती. पण देवासात साधं काही नसतं.

आता लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आमचं गाव एक, पण संस्थानं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द भर बाजारातून जायची. या बाजूचा पानवाला एका दरबारचा, समोरचा दुसऱ्याचा. कचेऱ्या दोन, शाळा दोन, बँड दोन. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. पण त्या बहिणी आहेत आणि त्यांचं आपसांत बरं आहे. स्वातंत्र्यानंतर दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. म्हणजे कागदावर झाली. आबासाहेब थोरल्या पातीच्या कचेरीत नाझर होते, नानासाहेब धाकट्या पातीच्या शाळेचे हेडमास्तर. विलीनीकरणानंतर दोघेही घरी बसले आणि उरलेली सगळी ताकद त्यांनी एकमेकांवर कडी करण्यात घातली. त्यात आबासाहेबांची मुलगी नानासाहेबांच्या घरी दिलेली. दोघे व्याही, त्यामुळे उघड भांडायची सोय नाही. मग सगळं भांडण पाहुणचारातून चालायचं.

मी थोरल्या पातीच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. रस्ते, मोऱ्या, शाळांची छपरं, असलं काम. विलीनीकरणात आमचं खातं गेलं आणि आम्ही ‘सरप्लस’ झालो. सरप्लस म्हणजे ज्याला पगार द्यावा लागतो पण खुर्ची कुठे ठेवावी हे ठरत नाही, असा माणूस. तेवढ्यात दिल्लीहून एक सर्व्हे पार्टी आली. त्यांना इथली भाषा आणि इथले रस्ते माहीत असलेला माणूस हवा होता. मला त्यांच्याकडे उसना दिला.

सर्व्हे कशाचा? स्वतंत्र देशाला स्वतःची मोठी वेधशाळा हवी, असा विचार तेव्हा चालू होता. जुने ज्योतिषी उज्जैनच्या रेषेवरून वेळ मोजत, म्हणून ती उज्जैनच्या आसपास व्हावी असं काही जणांचं म्हणणं होतं. उज्जैनवाल्यांनी तर वेधशाळा आलीच असं धरून चालायला सुरुवात केली होती. पण सपाटीवरच्या गर्दीच्या गावात धूळ, धूर आणि दिवे फार. म्हणून भोवतालच्या टेकड्या तपासायच्या ठरल्या.

पार्टीचे मुख्य चक्रपाणी साहेब. मद्रासकडचे. बारीक अंगाचे, थंडी असो नसो गळ्यात मफलर, आणि बोलणं मोजकं. तुम्ही काहीही सांगा, ते म्हणायचे, “नोटेड.” जीप बंद पडली, नोटेड. तंबूत विंचू निघाला, नोटेड. त्यांना कधी आनंद होतो का, हे मला कित्येक महिने कळलं नाही.

ते माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “तारे लुकलुकतात, का?”

मी म्हटलं, “तो त्यांचा स्वभाव, साहेब.”

“नाही. तो हवेचा स्वभाव.”

मग त्यांनी समजावलं. तारा आपल्या जागी स्थिर असतो. मधली हवा कुठे गरम, कुठे गार असते आणि ती सारखी हलते. त्या हलत्या हवेतून आलेला उजेड थरथरतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबची बैलगाडी थरथरताना दिसते, तसंच. कवींना लुकलुकणारे तारे आवडतात, वेधशाळेला ते अजिबात चालत नाहीत. हवेच्या या स्थिरपणाला त्यांच्या धंद्यात ‘सीइंग’ म्हणतात. त्याला एक ते पाच मार्क. पाच म्हणजे हवा काचेसारखी. एक म्हणजे सामान आवरा आणि घरी जा.

सीइंग तपासायला आमच्याकडे एक लहान दुर्बीण होती, तिपाईवर बसवायची. आणि ठरलेला एक तारा. पुनर्वसू नक्षत्रातला. नुसत्या डोळ्यांना तो एक दिसतो, दुर्बिणीतून पाहिला की कळतं ते दोन आहेत, अगदी खेटून. हवा स्थिर असली तर दोघांच्या मधे बारीक काळी फट दिसते. हवा बिघडली की दोघे मिसळून एक होतात. झालं. ती फट दिसते का बघायचं, एवढ्यासाठी सरकार जीप, तंबू आणि माझा पगार खर्च करत होतं.

गावात मात्र वेधशाळा म्हणजे काय, याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत होतं. मी जीपमधून उतरलो की लोक गोळा व्हायचे. “भिया, इस साल पानी कैसा है?” “भिया, शनि कब उतरेगा?” मी सांगायचो, आम्ही हवा बघतो. मग म्हणायचे, “हवा तो हमको भी दिखती है.” एका माणसाने तर भविष्य सांग म्हणून माझ्यापुढे तळहात धरला. मी घाईत असायचो म्हणून पाऊस बरा आहे आणि शनीचं काही खरं नाही असं सगळ्यांना सांगून टाकायचो. दोन्ही बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आता माझं काय अडकलं होतं ते सांगतो. चक्रपाणी साहेबांनी एकदा जीपमध्ये सहज म्हटलं होतं, “वेधशाळा जिथे होईल तिथे तुम्ही. परमनंट.” ती झाली नाही तर सर्व्हे संपताच मी ग्वाल्हेरला. तशी ऑर्डर तयार होती. घरी आई होती, तिने देवास सोडायला साफ नकार दिला होता. बायकोला दिवस गेले होते. बायको, इंदू, धारची. तिचं म्हणणं असं, की बाळंतपण माहेरी धारला किंवा सासरी देवासला, पण ग्वाल्हेरला नाही. तिथे आपलं म्हणावं असं कुणीसुद्धा नाही. तिचं खरं होतं. मलाही रात्री झोप लागत नव्हती, आणि त्याचं कारण दुर्बीण नव्हती.

पहिल्यांदा आम्ही उदयनगरच्या जंगलात गेलो. आभाळ उत्तम, पण तिथे पोचेपर्यंत जीपचे हाल झाले. ती जागा बाद. मग दोन उरल्या. मांडूच्या पठाराच्या दक्षिण टोकाला एक, तिचं नाव स्टेशन ए. देवासबाहेरच्या बोडक्या टेकडीवर दुसरी, स्टेशन बी.

“ए म्हणजे पहिला नंबर, नाही का हो?” इंदूने विचारलं.

“तिथे मोजणी आधी झाली, म्हणून ए.”

“तेच ते,” ती म्हणाली आणि धारला पत्र टाकलं.

मांडू धारहून जवळ. आम्ही तंबू ठोकल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सासरे लॉरीत बसून वर हजर. आयुष्य धारच्या दरबारात काढलेला माणूस, फेटा अजून सुटला नव्हता. सोबत करंडीभर मांडूची चिंच. ही आपली नेहमीची चिंच नव्हे. मांडूत बुंध्याने पिंपासारखी फुगलेली झाडं आहेत, त्यांची ही मोठमोठी भोपळ्यासारखी फळं. आत आंबट पांढरा गर असतो.

“जावईबापू, याच्यापरीस बरी जागा मिळणार आहे का तुमच्या साहेबाला?” ते म्हणाले. “सुलतान लोक काय खुळे होते? एवढं पठार बघून राजधानी केली.”

“मामा, त्यांना तारे बघायचे नव्हते.”

“मग रात्रभर महालात काय करत होते?”

चक्रपाणी साहेबांनी मला विचारलं, ते काय म्हणाले. मी म्हटलं, इतिहासाबद्दल बोलताहेत.

“नोटेड,” साहेब म्हणाले. त्या चिंचेचं त्यांनी रस्सम केलं. त्यांना ते इतकं आवडलं की मामांनी आणखी एक करंडी पाठवली. मुक्काम लांबला तो ढगांमुळे, पण मामांना वाटलं चिंचेने काम केलं. धारभर तसं सांगितलंही.

पण मांडूचं दुखणं वेगळंच होतं. पठाराच्या कड्याखाली निमाडचं मैदान. दिवसभर तिथे ऊन तापतं आणि संध्याकाळी ती गरम हवा कडा चढून वर येते. आमचा तारा त्या हवेत मिसळून जायचा. फट काही दिसायची नाही. सीइंग दोन, फार तर अडीच. उलट देवासच्या टेकडीवर, भोवती सगळं सपाट आणि वारा सरळ. तिथे तारे पहिल्याच आठवड्यात वेगळे दिसले. मधली काळी फट अगदी लख्ख. साहेबांनी डोळा बाजूला घेतला, मफलर सारखा केला आणि म्हणाले, “फोर. नोटेड.” आणि हसले. मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.

मला अतिशय आनंद झाला. घरी येऊन मी तो सांगितला. इंदूने माझ्यापुढे चहा ठेवला, त्यात साखर नव्हती. तिला धारबद्दल वाईट वाटत होतं. पण थोड्या वेळाने साखरेचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, “देवास तर देवास. ग्वाल्हेर नको, एवढंच.”

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त दिल्लीचे मोठे साहेब एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून जाणार होते. त्यांना एकच संध्याकाळ मोकळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी.

ते येणार हे कळताच गावात दोन समित्या झाल्या. एक थोरली, एक धाकटी. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. पाहुणा गावात येणार आणि न जेवता जाणार, हे होणे नाही. आणि माळव्यात पाहुण्याला जेवायला घालायचं म्हणजे दाल-बाफले. बाफला म्हणजे जाड्या कणकेचा गोळा. आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, वरून राख झटकून तुपात बुडवायचा. आम्ही मराठी घरं पुरणपोळीचा अभिमान कितीही सांगत असलो, तरी पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून बाफल्यापुढे सगळे नरम झालेलो आहोत.

मी चक्रपाणी साहेबांकडे परवानगी मागायला गेलो.

“उजेड?” त्यांनी विचारलं.

“नाही. निखारे राखेखाली झाकलेले असतात.”

“धूर?”

“गोवऱ्या दुपारीच पेटवतील. संध्याकाळपर्यंत धूर संपतो.”

“गोंगाट?”

“तेवढं सांगता येत नाही, साहेब.”

“दुर्बिणीला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “खाली पायथ्याशी शिजवू दे. नोटेड.”

उष्णतेचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. पायथा लांब होता.

ठरल्या दिवशी दुपारी मी इंदूरला गेलो, दिल्लीच्या साहेबांना आणायला. गोरेपान, स्थूल, अगदी हसतमुख गृहस्थ. जीप देवासच्या हद्दीत शिरली तेव्हा सूर्य मावळला होता. आणि मला माझं गाव ओळखता येईना. घरोघरी तुळशीपुढे दिवा लावून लगेच दारं लावून घेतलेली. बाजार काळा. थोरल्या बाजूचे लोक रस्त्याच्या मधे उभे राहून धाकट्या बाजूवर लक्ष ठेवून होते. “ए धाकट्यांनो, तुमच्या गल्लीत एक कंदील दिसतोय!” पलीकडून उत्तर, “तो काजवा आहे!” थंडीच्या दिवसांत काजवा. आग्रा-मुंबई रस्त्यावर तर पोरांनी ट्रक अडवून धरले होते. “बत्ती बंद करो, उस्ताद, ऊपर तारे देख रहे हैं.” एक सरदारजी ड्रायव्हर बत्ती विझवून, मांडी घालून, बाफल्याची वाट बघत बसला होता.

दिल्लीचे साहेब म्हणाले, “पॉवर फेल्युअर?”

मी म्हटलं, “नो सर. कोऑपरेशन.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या गावाचा फार अभिमान वाटला. दोन पात्यांनी एका गोष्टीसाठी एकत्र येऊन काही केलं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

टेकडीवर चक्रपाणी साहेब दुर्बीण लावून तयार होते. दिल्लीच्या साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाले, “मला एकच तारा दिसतोय.”

चक्रपाणी साहेबांनी बघितलं. मग मला बघायला सांगितलं. मी पाहिलं. तारा उकळत होता. दुसरा शब्द नाही. दूध वर यायला लागलं की साय जशी हलते, तसा तो फुगत होता, फुटत होता, परत गोळा होत होता. दोन नाहीत, फट नाही, काही नाही. देवासात आजवर कुठलेच दोन एक झाले नव्हते. ते नेमके त्या संध्याकाळी, दुर्बिणीत झाले.

चक्रपाणी साहेबांनी भिंग पुसलं. तिपाई तपासली. “थोडं थांबू,” ते म्हणाले. थांबलो. तारा आणखी उकळला.

तेवढ्यात झुळूक आली आणि खरपूस भाजलेल्या कणकेचा वास आला. अगदी जवळून.

मी टेकडीच्या कडेला गेलो आणि खाली बघितलं. माथ्यापासून हाकेच्या अंतरावरसुद्धा नाही, तर हात लांब केला की पोचेल अशा उतारावर, राखेखाली लालसर दिसणारा, खाटेहून मोठा निखाऱ्यांचा वाफा. बाजूला आबासाहेब फडकं खांद्यावर टाकून उभे.

“आबासाहेब, हे इथे कसं? पायथ्याशी ठरलं होतं ना!”

“अरे, खाली केलेला बाफला वर येईस्तोवर गार होतो. साहेबाला गार बाफला घालू? म्हणून जरा वर घेतला.”

“जरा?”

“आम्ही अर्ध्यावरच होतो. नाना त्याहून वर गेला. मग आम्हांला इथवर यावं लागलं.”

मी धावत पलीकडच्या कडेला गेलो. तिथे नानासाहेबांचा वाफा, तेवढाच मोठा, तेवढाच वर. दोन्ही संस्थानांची जुनी हद्द टेकडीच्या बरोबर माथ्यावरून जात होती. पूर्वेचा उतार थोरल्यांचा, पश्चिमेचा धाकट्यांचा. दुपारभर दोघे व्याही एकमेकांवर नजर ठेवून आपापली आग वर वर सरकवत आले होते. चक्रपाणी साहेब तेव्हा तंबूत आकडेमोड करत बसले होते. उजेड नाही, धूर नाही, सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे. फक्त दोन्ही बाजूंनी गरम हवा उठून आमच्या दुर्बिणीवर एकत्र होत होती.

चक्रपाणी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “दुर्बीण वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवा.” म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे, आग मागे राहील अशी.

मी म्हटलं, “साहेब, कुठल्या आगीच्या?”

त्यांनी पूर्वेकडे पाहिलं, पश्चिमेकडे पाहिलं. ‘नोटेड’ म्हणाले नाहीत. तेव्हाच मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

तोवर आबासाहेबांच्या लक्षात आलं होतं की काहीतरी चुकलंय आणि ते आगीमुळे आहे. माणूस मनाचा मोठा. त्यांनी मागचापुढचा विचार न करता हुकूम सोडला, “पाणी मारा!” दोन घागरी उलटल्या. असा काही फुसकारा झाला की वाफ, राख, धूर यांचा लोट टेकडीवर चढला. पलीकडून नानासाहेबांनी तो पाहिला. थोरल्यांनी घागर उलटली आणि आपण नुसते बघत राहिलो, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनीही पाणी मारलं.

आम्ही सगळे खोकत होतो. त्या धुरातून दिल्लीच्या साहेबांचा शांत आवाज आला.

“आता एकही दिसत नाही.”

पुढे जेवणं झाली. त्यात खोट काढायला जागा नव्हती. घागरी पडण्याआधी बाफले काढून घेतले होते, ते दोन्ही बाजूंना जमलं होतं. दिल्लीच्या साहेबांना दोन्ही पात्यांनी आग्रह केला. एका बाजूचा घेतला की दुसरी बाजू तूप वाढून उभीच. शेवटी त्यांना खुर्चीतच डुलकी लागली.

चक्रपाणी साहेबांनी त्यांना जागं करून विनवलं, “सर, एक दिवस थांबा. इथलं सीइंग फोर आहे. माझ्यावर विश्वास ठेवा.”

“सकाळची गाडी आहे,” ते म्हणाले. “आणि मी जे पाहिलं ते पाहिलं.”

मी दुर्बिणीच्या खोक्यावर जाऊन बसलो. रडू येत होतं, आणि राखेमुळे डोळे आधीच लाल होते, त्यामुळे कुणाला कळलं नसतं. आबासाहेबांनी माझ्यासाठी ताट आणलं. मी त्यांना सगळं सांगितलं. उष्णता, हवा, तारा. आणि ग्वाल्हेर.

त्यांनी ताट माझ्या मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाले, “पण बिघडलं ते नानाच्या आचेने. आमची आच विझत आली होती.”

मागून नानासाहेब म्हणाले, “वारा तुमच्याकडून होता, व्याहीबुवा.”

दोघेही चक्रपाणी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. कोणाच्या आगीने तारा बिघडला, ते साहेबांनी सांगावं. मी दुभाषी. साहेबांनी मफलर सोडला, परत गुंडाळला आणि म्हणाले, “बोथ. इक्वल.”

दोघांनाही बरं वाटलेलं मी पाहिलं. एवढ्या वर्षांत देवासात दोन्ही पात्यांना मान्य झालेला तेवढा एकच निवाडा.

दिल्लीच्या कागदावर स्टेशन बीपुढे ‘पुअर’ लागलं. ए आधीच मागे होतं. महिनाभरात सर्व्हे गुंडाळला आणि मी ग्वाल्हेरची ऑर्डर हातात घेतली. इंदू बाळंतपणाला धारला राहते म्हणाली, मग म्हणाली, “नको, तुम्ही तिथे एकटे काय खाल?” आणि सोबत निघाली. आई दारात उभी राहिली. तिने माझ्या हातावर दही ठेवलं.

आम्हाला निरोप द्यायला दोघे व्याही एका टांग्यातून आले. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. वाटेत खायला बाफल्यांचा डबा आणला होता. डबा एकच. आत मधे पळसाचं पान उभं लावलेलं. एकीकडे थोरल्या घरचे, दुसरीकडे धाकट्या घरचे. इंदूने गाडीत झाकण काढलं, पान बघितलं आणि रडता रडता हसली. आमची मुलगी ग्वाल्हेरलाच झाली.

वेधशाळेचा विषय पुढे बरीच वर्षं फायलींतून फिरला. शेवटी ती दक्षिणेत, एका डोंगराळ भागात झाली. नोकरीभर मी पूल आणि मोऱ्या बांधल्या. चक्रपाणी साहेब त्या नव्या जागेच्या उभारणीवर होते, एवढं कानावर आलं होतं.

रिटायर झाल्यावर मुलगी आम्हा दोघांना तिकडे घेऊन गेली. ज्या दिवशी लोकांना दुर्बीण बघू देतात, त्या दिवशी. घुमट वर टेकडीवर. आम्ही लवकर पोचलो होतो. भूक लागली होती. दारावरच्या तरुण मुलाला विचारलं, इथे खायला कुठे मिळेल?

“खाली देवासला जा,” तो इंग्रजीत म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. “कुठे?”

“देवास. आमचं कँटीन. ते बघा, खाली, झाडांपलीकडे.” स्वयंपाकघर डोंगराच्या अगदी तळाशी होतं. एवढ्या लांब का, असं मी विचारलं.

“इथला पहिल्यापासूनचा नियम आहे. घुमटाच्या जवळपास चूल नाही. हवा गरम होते. जुने एक साहेब होते, मफलरवाले, त्यांनी जागा आखताना सगळ्यांत आधी स्वयंपाकघर लांब टाकलं आणि नाव ठेवलं देवास. का ते कुणालाच माहीत नाही. संस्कृत असावं.”

मी खाली झाडांपलीकडे बघितलं. साहेब कधीच गेले होते. तेवढ्यात इंदूने मला कोपराने ढोसलं. “आणि धारचं नाव कशाला दिलंय, ते विचारा ना.”

आम्ही खाली देवासला उतरलो. इडली होती, आणि रस्सम. रस्सम गरम होतं. मग धापा टाकत परत वर चढलो. अंधार पडल्यावर त्या मुलाने आम्हाला दुर्बिणीतून बघू दिलं. मी पुनर्वसूतला तो तारा मागून घेतला. दोन होते. मधे स्वच्छ काळी फट. मी बाजूला झालो आणि इंदूला बघायला लावलं.

“कोणती थोरली?” तिने डोळा लावूनच विचारलं.

उतरताना ती म्हणाली, “बरं झालं, आपल्याकडे नाही झाली. जेवणासाठी पाहुण्याला एवढं खाली कोण पाठवतं?”

या सगळ्यातून मी एकच शिकलो. साहेबाला आधी त्याचं काम करू द्यावं आणि मग जेवायला घालावं. देवासात हे मी पुष्कळांना सांगून पाहिलं. अजून कुणी मान्य केलेलं नाही.